हंगामाचा अंदाज : वऱ्हाडातील खेळाडूंची पारख आणि फॅन्टसी क्रिकेट

फॅन्टसी क्रिकेटमध्ये फलंदाजाचे मोल त्याच्या हातातल्या कलेपेक्षा त्याच्या वाट्याला येणाऱ्या चेंडूंवर अधिक ठरते. अमरावतीचा यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा आणि अकोल्याचा डावखुरा फलंदाज अथर्व तायडे यांच्या आयपीएलमधील हंगामांचा हिशेब मांडला की हे आकड्यांतच दिसते. दोघांचे गुण वऱ्हाडातल्या मैदानांवर पूर्वीच ओळखले गेले होते. पुढच्या हंगामात त्यांना खेळायला किती मिळेल, एवढेच दर वर्षी अनिश्चित असे. अशा अनिश्चित गोष्टीचा अंदाज बांधून त्यावर पैसा लावण्याची सवय या भागात मोबाइलबरोबर आली असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात हंगामाचा अंदाज आणि त्यावरचा सौदा या दोन्ही गोष्टी वऱ्हाडात दीडशे वर्षांहून जुन्या आहेत.

त्यातली सर्वांत प्रसिद्ध रीत बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार मांडलेल्या निरनिराळ्या धान्यांच्या मधोमध खड्डा करून त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी मातीची चार ढेकळे आणि वर पाण्याने भरलेली घागर ठेवली जाते. पापड, करंजी, वडा यांसारख्या पदार्थांनाही ठरलेला अर्थ असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे ही मांडणी कितपत हलली ते पाहून पाऊस आणि पिके यांचे भाकीत सांगितले जाते. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही परंपरा सुरू केली आणि तिला तीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, असे मानले जाते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तिच्यावर टीका करत आले आहेत, आणि ती रास्त आहे : धान्याचा दाणा सरकला म्हणून मृगाचा पाऊस ठरत नाही. तरीही दर वर्षी शेकडो शेतकरी पहाटे तिथे जमतात. पेरणीपूर्वी काहीतरी ठरवावेच लागते आणि ठरवायला आधार थोडा असतो, ही त्यांची अडचण खरी आहे.

व्यापाऱ्यांनी हाच प्रश्न भावाच्या भाषेत मांडला. 1853 च्या तहाने निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत इथला कापूस जगाच्या बाजारात गेला. 1861 ते 1865 या काळातल्या अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा नेहमीचा पुरवठा तुटला होता. 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला आणि बडनेरा गाठत नागपूरला पोहोचला. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला, आणि 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. अमरावतीच्या नावावरून पडलेले ‘ऊमरा’ हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाची प्रत सांगण्यासाठी रूढ झाले. कारंजा येथे 1886 मध्ये नियमांनी बांधलेला कापूस बाजार उभा राहिला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. भारतातल्या आजच्या बाजार समित्यांची सुरुवात याच कायद्यापासून मोजतात. वजन, मोजमाप, अडत आणि दलाली यांवर त्याने बंधने घातली.

पण बाजार समितीच्या आवारात दिसणारा कापूस हा व्यापाराचा एकच भाग होता. दुसरा भाग अजून झाडावर न आलेल्या कापसाचा होता. पेरा किती झाला, जुलैत पावसाने किती दिवस दडी मारली, बोंडे कधी फुटणार, अमेरिकेत पीक कसे आहे, यांचा अंदाज घेऊन वायद्याचे सौदे होत. सरकारही पावसाळ्यापासून पुढच्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने पिकाचे अंदाज प्रसिद्ध करी, आणि प्रत्येक अंदाजाबरोबर भाव हले. अनुभवी अडत्याला बनी जातीच्या कापसाचा धागा कसा असतो हे सांगावे लागत नसे. त्याचे सारे लक्ष यंदा तो किती येणार आणि कोणत्या भावाला जाणार याकडे असे. प्रत ठाऊक आणि परिमाण अनिश्चित, हे कापसाच्या सौद्याचे मूळ गणित पुढे खेळाडूंच्या बाबतीतही तसेच्या तसे लागू पडले. या व्यापाराचा एक धागा अकोल्यात आजही चालू आहे : राष्ट्रीय कृषी वायदेबाजार एनसीडीईएक्सने सरकी ढेपेच्या सौद्यासाठी मूळ केंद्र म्हणून अकोल्याचीच निवड केली.

कापसाच्या भावावरून निव्वळ जुगारही जन्माला आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेने मुंबईला येत आणि त्या आकड्यांवर पैसे लागत. याला ‘आकडा’ म्हणत. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून भाव येणे थांबल्यावर माठातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढून आकडा ठरू लागला. हाच मटका. कापसाच्या वायद्यात पीकपाण्याचे ज्ञान कामी येत होते, मटक्यात कोणतेच ज्ञान कामी येत नाही. कायद्याच्या नजरेत हा फरक फार मोठा ठरला. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली होती, आणि फॅन्टसी क्रिकेटच्या बाजूने पुढे झालेला युक्तिवाद अशाच सुटीच्या आधारावर उभा राहिला.

खेळाडूची पारख करण्याची वऱ्हाडातली परंपरा या बाजारापासून दूर, आखाड्यात वाढली. अमरावतीत 1914 मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम आणि हुतूतू यांचे शिक्षण देणारी ही संस्था शारीरिक शिक्षणाची देशातली एक प्रमुख संस्था झाली. 1936 मध्ये तिच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली आणि कबड्डी त्या निमित्ताने परदेशी प्रेक्षकांपुढे आली. 1949 मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवातही मंडळाचे पथक गेले. इथे पारख वस्तादाच्या डोळ्याने होई. पोराची पकड, दम, पडल्यावर उठण्याची घाई, आहार, सकाळी किती वाजता हजर होतो, हे सगळे वर्षानुवर्षे पाहून वस्ताद ठरवी की हा पुढे जाईल की नाही. या पारखीत पैसा नव्हता आणि घाईही नव्हती. मंडळाने वऱ्हाडाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट पदकांच्या यादीत सापडणार नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांत पोचलेले त्याचे शिक्षक ही ती देणगी आहे, कारण खेडेगावातल्या मुलाला पहिल्यांदा ‘तुझ्यात काहीतरी आहे’ असे सांगणारा माणूस बहुधा हाच असे.

क्रिकेटची वाट मात्र नागपूरकडून जात होती. ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाचा संघ 1934-35 च्या पहिल्याच रणजी हंगामात उतरला होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1957-58 पासून विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजी करंडक खेळू लागला. विजेतेपद यायला साठ वर्षे लागली. 2017-18 मध्ये इंदूरच्या होळकर मैदानावर फैज फजलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने दिल्लीला नऊ गड्यांनी हरवले. या अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीने हॅट्ट्रिक घेतली, आणि अकोल्याच्या आदित्य ठाकरेने थेट याच सामन्यात प्रथम श्रेणी पदार्पण केले. पुढच्याच वर्षी सौराष्ट्राला आणि 2024-25 मध्ये केरळला मागे टाकून विदर्भाने आणखी दोनदा करंडक जिंकला.

त्या साठ वर्षांत अमरावती-अकोल्याच्या मुलापुढची मुख्य अडचण अंतराची होती. निवड नागपुरात, सराव नागपुरात, चांगल्या खेळपट्ट्या नागपुरात. अमरावतीहून ते दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. शिवाय विदर्भ संघ बहुतेक वर्षे तळाच्या गटात खेळत असल्याने तिथे केलेल्या धावा देशाच्या निवडसमितीपर्यंत क्वचितच पोचत. अशा परिस्थितीत अकोला क्रिकेट क्लबने केलेले काम विशेष मोलाचे ठरते. एका जिल्ह्याच्या गावातल्या या क्लबमधून आदित्य ठाकरे, अथर्व तायडे आणि जन्माने वर्ध्याचा दर्शन नळकांडे असे खेळाडू एकाच पिढीत वर आले. नळकांडेने 2021 च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले. तायडेने कूचबिहार करंडकाच्या 2017-18 च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाविरुद्ध 320 धावा केल्या होत्या. गुण नव्हते म्हणून वऱ्हाड मागे राहिला, हे म्हणणे या पिढीने खोटे पाडले.

फॅन्टसी खेळाचा उगम यापासून फार दूर, अमेरिकेत आहे. ओकलंड रेडर्स या फुटबॉल संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाक यांनी 1962 मध्ये काही मित्रांसह त्याचे नियम आखले आणि पुढच्या वर्षी पहिली स्पर्धा झाली. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंतून आपला कागदी संघ निवडायचा आणि ते खेळाडू प्रत्यक्ष सामन्यात जे करतील त्याचे गुण मोजायचे, एवढीच कल्पना. अमेरिकी फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर नावाचा खेळाडू असतो. तो कडेने धावत जाऊन क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलतो. त्याचा पुढचा हंगाम जोखताना जाणकार सर्वांत आधी एक आकडा पाहतात : गेल्या वर्षी त्याच्या दिशेने किती फेकी झाल्या. तो कितीही वेगवान असो, क्वार्टरबॅक बदलला, संघात आणखी दोन चांगले झेलणारे आले किंवा प्रशिक्षकाने धावण्यावर भर दिला, तर त्याच्या फेकी घटतात आणि गुणही घटतात. नेमकी हीच कसोटी क्रिकेटमधल्या खालच्या फळीतल्या फटकेबाजाला लागू पडते. सलामीवीर डावाच्या पहिल्या चेंडूपासून मैदानात असतो, पण पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या फलंदाजाला किती चेंडू मिळणार हे वरच्या चौघांवर अवलंबून असते.

भारतात 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला ईएसपीएन-स्टारच्या ‘सुपर सिलेक्टर’ने हा प्रकार क्रिकेटप्रेमींना दाखवला. 2008 मध्ये आयपीएल सुरू झाली आणि त्याच वर्षी हर्ष जैन व भावित शेठ यांनी मुंबईत ड्रीम11 ही कंपनी काढली. हंगामभर एकच संघ सांभाळण्याची अमेरिकी पद्धत इथे रुजली नाही. एका सामन्यापुरता संघ निवडून त्याच रात्री निकाल लावण्याची पद्धत रुजली. शंभर क्रेडिटच्या मर्यादेत दोन्ही संघांतून अकरा खेळाडू घ्यायचे, त्यांतल्या कर्णधाराला दुप्पट आणि उपकर्णधाराला दीडपट गुण. 2017 मध्ये पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने आणि 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा कौशल्याचा खेळ असल्याचे मानले. 2020 मध्ये ड्रीम11 आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली, 2023 मध्ये तिचे नाव भारतीय संघाच्या जर्सीवर आले. स्वस्त इंटरनेट आणि यूपीआय यांमुळे परतवाड्याच्या किंवा मूर्तिजापूरच्या मुलाला पन्नास रुपये भरून संघ लावणे एका मिनिटाचे काम झाले.

गुणांची पद्धत वेळोवेळी बदलली, पण ट्वेन्टी-20 साठी अनेक वर्षे चाललेली रचना साधारण अशी होती : प्रत्येक धावेला एक गुण, चौकाराला एक आणि षटकाराला दोन जादा, अर्धशतकाला आठ, झेलाला आठ, यष्टिचीतला बारा. धावगती 170 च्या वर असेल तर सहा गुण जादा, 70 च्या खाली असेल तर वजा. पण धावगतीचा नियम लागू होण्यासाठी फलंदाजाने किमान दहा चेंडू खेळलेले असले पाहिजेत. जितेश शर्माच्या बाबतीत हाच नियम कळीचा ठरतो.

22 ऑक्टोबर 1993 रोजी अमरावतीत जन्मलेल्या जितेशचे मूळ स्वप्न सैन्यदलात जाण्याचे होते, आणि क्रिकेटकडे तो शालेय वयात क्रीडागुणांच्या निमित्ताने वळला, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे. 2015-16 च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याने 143.51 च्या धावगतीने 343 धावा केल्या. त्यात एक शतक होते. मुंबई इंडियन्सने त्याला दहा लाखांना घेतले, पण त्या संघाकडून त्याला एकही सामना मिळाला नाही. 3 एप्रिल 2022 रोजी पंजाब किंग्जकडून चेन्नईविरुद्ध तो पहिला आयपीएल सामना खेळला तेव्हा त्याचे वय 28 होते. मधल्या सहा वर्षांत त्याच्या फटक्यांत काही उणीव होती असे नाही. विदर्भाच्या छोट्या स्पर्धांतल्या धावा मोठ्या संघांना दिसायला तेवढी वर्षे लागली, आणि हे नुकसान भरून निघण्यासारखे नाही.

पुढचे चार हंगाम आकड्यांत मांडता येतात. 2022 मध्ये बारा सामने, 143 चेंडूंत 234 धावा. 2023 मध्ये चौदा सामने, 198 चेंडूंत 309. 2024 मध्ये पुन्हा चौदा सामने, पण 142 चेंडूंत 187. 2025 मध्ये रॉयल चॅलेंजर्स बंगळूरकडून पंधरा सामने आणि 148 चेंडूंत 261. शंभर चेंडूंमागे धावा पाहिल्या तर हा क्रम साधारण 164, 156, 132 आणि 176 असा येतो. म्हणजे हात कधी वर, कधी खाली. पण फॅन्टसीच्या हिशेबात मोलाचा आकडा वेगळा आहे : सामन्यामागे मिळालेले चेंडू अनुक्रमे सुमारे 12, 14, 10 आणि 10. सर्वांत चांगल्या धावगतीच्या वर्षी त्याला सामन्यामागे जवळजवळ तेवढेच कमी चेंडू मिळाले, जेवढे सर्वांत वाईट वर्षी मिळाले होते. दहा चेंडूंची सरासरी म्हणजे धावगतीच्या जादा गुणांच्या अगदी उंबरठ्यावर. निम्म्या सामन्यांत तो उंबरठा ओलांडला जात नाही आणि सात चेंडूंतल्या वीस धावांना केवळ वीस धावांचे व चौकार-षटकारांचेच गुण मिळतात.

2024 मध्ये घसरण का झाली याचे एक कारण पंजाबच्या फलंदाजीच्या क्रमात सापडते. शशांक सिंग आणि आशुतोष शर्मा हे दोन नवे फटकेबाज त्या हंगामात अचानक पुढे आले आणि शेवटच्या षटकांतल्या संधीचे वाटेकरी वाढले. हंगामाच्या सुरुवातीला कोणी 2023 च्या 309 धावा पाहून जितेशला संघाचा कर्णधार केले असेल, तर त्याची पारख चुकली असे म्हणता येणार नाही. चेंडूंचा वाटा घटेल हे मार्चमध्ये ठाऊक होण्यासारखे नव्हते. फॅन्टसीतल्या कौशल्याची मर्यादा इथे स्पष्ट होते. खेळाडूचा अभ्यास करता येतो, त्याच्या साथीदारांच्या भाग्याचा करता येत नाही.

या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण 17 मे 2023 रोजी धरमशालेत घडले, आणि त्यात वऱ्हाडातले दोघेही होते. दिल्लीने 213 धावा केल्या होत्या. पंजाबकडून वरच्या फळीत आलेल्या अथर्व तायडेने 42 चेंडूंत 55 धावा केल्या, पण आवश्यक धावगती वाढतच होती. पंधरावे षटक संपल्यावर संघाने त्याला ‘निवृत्त बाद’ म्हणून परत बोलावले, म्हणजे उरलेले चेंडू अधिक वेगाने मारणाऱ्याला मिळावेत. त्याच्या जागी उतरला जितेश शर्मा, आणि तो शून्यावर बाद झाला. पंजाब 15 धावांनी हरला. अकोल्याच्या फलंदाजाने सोडलेले चेंडू अमरावतीच्या फलंदाजाला द्यायचे, हा हिशेब कागदावर बरोबर होता. त्या रात्री ज्यांनी तायडेला घेतले त्यांचा हिशेब 55 धावांवर थांबला, ज्यांनी जितेशला घेतले त्यांना शून्यावर बाद झाल्याची वजावट मिळाली, आणि दोघांच्याही अभ्यासात दोष नव्हता.

तायडेचा त्या हंगामातला एकूण हिशेब सात सामन्यांत 128 चेंडू आणि 186 धावा असा आहे. सामन्यामागे अठरा चेंडू, म्हणजे जितेशपेक्षा जास्त. वरच्या क्रमांकाचा हाच लाभ. पण त्याचा तोटाही तिथेच आहे : वरच्या जागांवर देशातले आणि परदेशातले सर्वांत महागडे फलंदाज बसलेले असतात, त्यामुळे मुळात अकरात येणेच कठीण. 2024 मध्ये पंजाबकडून त्याला दोन सामने मिळाले आणि 2025 मध्ये सनरायझर्स हैदराबादकडे गेल्यावर आणखी कमी. ज्याला खेळवले तर अठरा चेंडू मिळतील पण खेळवतीलच याची खात्री नाही, आणि ज्याला नक्की खेळवतील पण दहाच चेंडू मिळतील, अशा दोघांत निवड करताना बहुतेक जाणकार दुसऱ्याकडे झुकतात. यष्टिरक्षकाला झेल आणि यष्टिचीतचे गुण मिळतात. फलंदाजीची पाळी न येताही तो काही ना काही कमावून देतो.

नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दा येथे झालेल्या लिलावात बंगळूरने जितेशसाठी 11 कोटी मोजले. पंजाबने त्याला परत घेण्याचा हक्क वापरून पाहिला होता, पण बंगळूरने बोली एकदम चढवली. दहा लाखांपासून अकरा कोटींपर्यंतचा हा प्रवास वऱ्हाडात अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखाच आहे. फॅन्टसीच्या दृष्टीने मात्र ही किंमत फसवी होती. बंगळूरच्या वरच्या फळीत फिल सॉल्ट, विराट कोहली, देवदत्त पडिक्कल आणि रजत पाटीदार होते. खाली टिम डेव्हिड आणि रोमारियो शेफर्ड. पंधरा सामन्यांपैकी चार सामन्यांत जितेशची पाळीच आली नाही.

ज्या पाळ्या आल्या त्यांतली एक आयपीएलच्या इतिहासात राहील. 27 मे 2025 रोजी लखनौमध्ये ऋषभ पंतच्या नाबाद 118 धावांच्या जोरावर यजमानांनी 227 धावा उभारल्या. पाटीदारच्या बोटाला दुखापत असल्याने त्या दिवशी कर्णधार जितेश होता. बाराव्या षटकात कोहली बाद झाला तेव्हा धावफलक 4 बाद 123 होता, आणि एरवी पाच-सहा षटकांसाठी येणारा फलंदाज या वेळी आठहून अधिक षटके शिल्लक असताना खेळायला आला. त्याने 33 चेंडूंत नाबाद 85 धावा केल्या, मयांक अगरवालबरोबर संघाला आठ चेंडू राखून जिंकून दिले आणि बंगळूरला गुणतक्त्यात पहिल्या दोघांत नेले. आठ चौकार, सहा षटकार. वर सांगितलेल्या गुणपद्धतीने ही खेळी एकटी 119 गुणांची होते, आणि ज्याने त्याला आपल्या संघाचा कर्णधार केले असेल त्याच्या खात्यात 238. ही एक खेळी बाजूला काढली तर त्याच्या संपूर्ण हंगामात दहा डावांत 115 चेंडू आणि 176 धावा उरतात, म्हणजे धावगती 153. लखनौतली रात्र हा त्याच्या कुवतीचा खरा पुरावा आहे. उरलेले दहा डाव हा त्याच्या नेहमीच्या वाट्याचा पुरावा आहे. पुढच्या हंगामाचा अंदाज दुसऱ्यावरून करायचा असतो. 3 जून रोजी अहमदाबादच्या अंतिम सामन्यात त्याने आपल्याच जुन्या पंजाब संघाविरुद्ध नेमक्या दहा चेंडूंत 24 धावा केल्या आणि बंगळूरने सहा धावांनी पहिले विजेतेपद मिळवले.

त्यानंतर अडीच महिन्यांत फॅन्टसी खेळाचे स्वरूपच बदलले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घालणारे विधेयक 20 ऑगस्ट 2025 रोजी लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने मंजूर केले. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी शिक्षा ठरली. ड्रीम11 ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचे नाव गेले. जुन्या जुगार-कायद्यांतून चालत आलेला कौशल्य आणि नशीब यांतला भेद ऑनलाइन पैशाच्या खेळापुरता या कायद्याने निकालात काढला. बंदीचे समर्थन करताना सरकारने कर्जबाजारी झालेल्या कुटुंबांचा आणि आत्महत्यांचा दाखला दिला होता. नापिकी आणि कर्ज यांचे दुःख दशकानुदशके सोसलेल्या वऱ्हाडात या दाखल्याला वेगळे वजन आहे. अंदाज चुकल्याची किंमत कोण भरतो, हे कापूसवाल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

बिनपैशाचे फॅन्टसी खेळ कायद्याने थांबलेले नाहीत, आणि खेळाडूची पारख तर मुळीच थांबलेली नाही. जितेशने 2025-26 च्या देशांतर्गत हंगामासाठी विदर्भ सोडून बडोद्याची वाट धरली. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याने होबार्टला ऑस्ट्रेलियाविरुद्ध 13 चेंडूंत नाबाद 22 धावा केल्या आणि दोह्यातल्या रायझिंग स्टार्स आशिया चषकात भारत ‘अ’ संघाचे नेतृत्व केले. बंगळूरनेही त्याला संघात कायम ठेवले. 2026 च्या आयपीएलपूर्वी त्याच्या बाजूने मांडता येणाऱ्या गोष्टी म्हणजे यष्टिरक्षकाची पक्की जागा आणि पाटीदारच्या अनुपस्थितीत कर्णधारपद मिळाल्याचा दाखला. विरुद्ध बाजूला एकच गोष्ट होती : वरची फळी चांगली खेळली की पाचव्या-सहाव्या क्रमांकाला सामन्यामागे दहाच चेंडू उरतात.